त्या तळ्यांना उपाशीच राहू द्या: आइंडहोवन परिसरातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या तयारीच्या बैठका सुरू झाल्या की ढोल, प्रसाद आणि हॉलचं भाडं या विषयांनंतर एक प्रश्न हमखास निघतो: विसर्जन कुठे? घरी बादलीत विसर्जन म्हटलं की काहींचा चेहरा पडतो. मग कुणीतरी म्हणतं, "अहो, इथे हेझे गावाच्या बाजूला हाइडवर, म्हणजे त्या मोकळ्या माळावर, एवढी तळी आहेत. स्वच्छ पाणी, चिटपाखरू नाही, कुणी हटकणार नाही. सकाळी लवकर जाऊन येऊ." यंदाही कुणीतरी म्हणालं, आणि पाच-सहा जणांनी लगेच माना डोलावल्या. त्या माना डोलावणाऱ्यांसाठी, आणि शनिवार-रविवारी मुलाबाळांना घेऊन तिथे फिरायला जाणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठीच हे पत्र आहे.

पहिल्यांदा हे सांगतो की तिथे जाऊ नका असं मला म्हणायचं नाही. उलट जास्त जा. आपल्यातली निम्मी मंडळी सुट्टी मिळाली की गाडी काढून थेट स्वित्झर्लंड गाठतात आणि घरापासून सायकलच्या अंतरावर असलेली स्ट्राब्रेख्त्से हाइडे त्यांनी पाहिलेलीच नसते. गेल्ड्रॉप, मीर्लो, लीरोप, सोमरेन आणि हेझे या गावांच्या मधोमध पसरलेला हा हेदर नावाच्या बुटक्या झुडपांचा माळ आपल्या ब्राबांट प्रांतातल्या मोठ्या माळांपैकी एक. त्यात विखुरलेली पावसाच्या पाण्याची उथळ तळी, इथले लोक ज्यांना व्हेन म्हणतात ती. ब्योवेन हे त्यांतलं सगळ्यांत मोठं, सुमारे 85 हेक्टरचं, आणि अख्ख्या नेदरलँड्समध्येही या जातीचं सर्वांत मोठं. स्टारव्हेन, ग्राफव्हेन अशी लहान भावंडं आजूबाजूला आहेत.

या तळ्यांना नदी मिळत नाही, मोठा झरा नाही. शेवटच्या हिमयुगात वाऱ्याने वाळू आणून टाकली, वाऱ्यानेच जागोजागी ती उकरून खळगे केले, आणि खाली पाणी न जिरू देणारा घट्ट थर असल्यामुळे पाऊस त्यात साठून राहिला. वाळू आणि पाऊस, दोघांच्याही अंगी सत्त्व नाही. त्यामुळे पाणी आम्लधर्मी, मऊ आणि जवळपास रिकामं. काही तळ्यांत ते कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं घाण आहे. तो रंग काठच्या कुजलेल्या वनस्पतींमधून उतरलेला असतो.

हे रिकामेपणच त्या तळ्याची सगळी पुंजी आहे. ज्या पाण्यात खायला काही नाही तिथे धटिंगण वनस्पती वाढू शकत नाहीत, आणि त्यांच्या सावलीत मेल्या असत्या अशा नाजूक वनस्पतींना तिथे जागा मिळते. ब्योवेनच्या वाळूत एक बोटभर उंचीची वनस्पती उगवते, डच लोक तिला ओव्हरक्राउट म्हणतात. हिरव्या टाचण्यांचा जुडगा उलटा रोवावा तशी दिसते, म्हणजे दिसतच नाही. पायाखाली आली तरी कळणार नाही. ती कर्बवायू पाण्यातून फारसा घेत नाही, मुळांनी वाळूतून घेते. वाळूवर गाळाचा थर बसला की तिचा कारभार आटोपला. आणि फुलते केव्हा? पाणी ओसरून ती उघडी पडते तेव्हाच. म्हणजे उन्हाळ्यात तळ्याचा काठ कोरडा दिसतो, आपण मुलांना म्हणतो "जा, खेळा त्या वाळूत", नेमके तेच तिच्या फुलण्याचे दिवस. 2018च्या कोरड्या उन्हाळ्यात अनेक तळी अशी उघडी पडली होती. तेव्हाही आणि एरवीही, पाणी मागे सरलं म्हणून त्या पट्ट्यात उतरायचं नाही, वाट सोडायची नाही.

साताऱ्याकडच्या मंडळींना हे नव्याने सांगायला नको. कासच्या सड्यावर खडकावर बोटभर माती, तिच्यात सत्त्व नाही, म्हणून तर तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं फुलतात. दोन्ही कीटक खाणाऱ्या. जमिनीतून नत्र मिळत नाही तर तो माश्या-चिलटांतून मिळवणाऱ्या. 2012 साली पश्चिम घाटाच्या यादीतून कासला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, गर्दी उसळली, आणि फोटोसाठी फुलांवर आडवे झालेले लोक आपण सगळ्यांनीच पाहिलेत. तर हाइडवरच्या तळ्यांच्या ओल्या काठावर त्याच दवबिंदूची चुलत भावंडं आहेत. जूनच्या सुमारास लाकडी पुलावरून किंवा वाटेच्या कडेवरून ओणवं होऊन बघा. नखाएवढं गोल पान, त्याच्यावर तांबडे केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि बहुधा एखादं चिलट अजून पाय हलवत असतं. मुलांना हे दाखवलंत तर पुढचा अर्धा तास कुणी मोबाइल मागणार नाही. तळ्यांत सीतेच्या आसवांचीही नातलग मंडळी आहेत, पाण्याखाली बारीक फुगे लावून सापळे रचणारी. आणि पाण्यावर बुडी मारून भलतीकडेच वर येणारा तो तपकिरी गोळा म्हणजे आपली टिबुकली. पाषाण तलावावर दिसते तीच, दुसरी जात नव्हे.

आता विसर्जनाचं.

हार, दुर्वा, केवडा, नारळ, उदबत्तीची राख, गूळ-खोबरं, शाडूची माती, वरचा रंग. शाडू म्हणजे पर्यावरणपूरक, हे आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की तो शब्द आता परवान्यासारखा वापरतो. मोठ्या वाहत्या नदीत शाडूने फार फरक पडत नसेल. पण गुडघाभर उथळ, न वाहणाऱ्या, तळाशी स्वच्छ वाळू असलेल्या पाण्यात दहा घरचे गणपती एकाच काठावर उतरवले की ती माती तिथेच बसणार. तिला पुढे नेणारा प्रवाह नाही. वरून निर्माल्य कुजणार आणि त्यातलं नत्र-स्फुरद पाण्यात उतरणार. त्या कोपऱ्यातल्या टाचण्यांएवढ्या झाडांचं काय होईल हे वर सांगितलंच.

आणि हे नुसतं पुस्तकी भय नाही, ब्योवेन एकदा असं हातचं गेलं होतं. पेलरेट नावाचा ओढा शेतांतून खतावलेलं पाणी त्यात आणून सोडत होता. तळाशी गाळ साचला, बोरू माजला, दुर्मीळ वनस्पती दिसेनाशा झाल्या. 1980च्या दशकात ओढा वळवून तळ्याबाहेरून नेला आणि तळाचा गाळ थेट वाळूपर्यंत खरवडून काढला. मग वाळूत कित्येक वर्षं पडून राहिलेलं बी उगवलं, ओव्हरक्राउट परतली, पाण्यातली लोबेलिया परतली. तळ्याला उपाशी ठेवण्यासाठी त्या लोकांनी एवढा खर्च आणि खटाटोप केला, आणि आपण भक्तिभावाने त्याला जेवू घालायला निघालो आहोत.

जेवू घालण्यावरून आठवलं. बदकांना पाव, उरलेला भात, फरसाण. आपल्याकडे दारी आलेल्या जिवाला घास टाकणं हे पुण्यच, आणि आजी-आजोबा आले की नातवंडांचा हा आवडता कार्यक्रम. शहरातल्या बागेतल्या तळ्यावरसुद्धा पाव टाकू नये असं इथे सांगतात. हाइडवर तर अजिबात नको. निम्मा पाव बुडून कुजतो, उरलेला खायला आणखी बदकं आणि हंसपक्षी जमतात, आणि त्यांच्या विष्ठेचं खत त्याच पाण्यात पडतं. पितृपंधरवड्यात काही जण पान घेऊन पाण्याकाठी जातात हेही मला ठाऊक आहे. भावना समजते, पण ते पान घराच्या गच्चीत ठेवावं, इथले कावळे काही कमी हुशार नाहीत.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. "या भागात डुकरं आणि गाईगुरांचे एवढे मोठाले गोठे, त्यांच्या मूत्रा-शेणातून उडणारा अमोनिया पावसाबरोबर हाइडवर पडतो, मोटारींचा धूर वेगळा, आणि तुम्ही आमच्या झेंडूच्या हाराला धरून बसलात?" अगदी खरं. अशा तळ्याला वर्षाला हेक्टरी साधारण सहा ते आठ किलो नत्र सोसतं, त्यापुढे ते बिघडायला लागतं. हिशोबासाठी सांगतो, आपल्याकडची 45 किलोची युरियाची गोणी म्हणजे वीस किलोच्या वर नत्र. म्हणजे अर्धी गोणीसुद्धा नाही, अख्ख्या हेक्टराला, अख्ख्या वर्षाला. ब्राबांटात आकाशातून याहून कितीतरी जास्त पडतं. मे 2019मध्ये इथल्या राज्य परिषदेने, म्हणजे सरकारी निर्णयांवरच्या सर्वोच्च न्यायालयाने, नत्रासंबंधीची सरकारी योजनाच रद्दबातल ठरवली, त्यानंतर ट्रॅक्टर घेऊन शेतकरी हेगला धडकले, हायवे अडले, ऑफिसला उशीर झाला म्हणून आपणही कुरकुरलो. ते भांडण याच तळ्यांचं आणि असल्याच माळांचं होतं, हे त्या वेळी आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आलं असेल.

तेव्हा हिशोबात आपला हार नगण्य आहे, हे मान्य. पण सरासरी काढून तळं जगत नाही. अमोनिया सगळ्या माळावर पसरून पडतो, आपण मात्र सगळं एका सोयीच्या काठावर नेऊन टाकतो. शिवाय गोठ्यांचा प्रश्न कोर्टात आणि संसदेत चालू आहे, त्यात आपल्याला विचारतंय कोण? हाराचा निर्णय आपल्या बैठकीत पाच मिनिटांत होतो.

दुसरंही एक मत ऐकू येतं, की ही सगळी नैसर्गिक जागा आहे, तिला हात लावू नये वगैरे डच लोकांचं कौतुक आहे. वस्तुतः हा माळ माणसांनीच घडवला. मूळचं जंगल तोडलं, शतकानुशतकं मेंढ्या चारल्या, हेदरची ढेपळं कापून गोठ्यात अंथरली, लेंडीमुतात मुरवून ती शेतांवर नेऊन टाकली. आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतो आणि शेतकरी त्याबद्दल त्याला धान्य-पैसे देतो, त्यामागे हेच गणित: मेंढी माळावर चरते आणि खत शेताला मिळतं. माळ दरवर्षी गरीब होत जातो. इथे ते इतकी शतकं चाललं की त्या गरिबीवरच एक वेगळं जग उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रासायनिक खत आलं, मेंढ्यांची गरज संपली, आणि बहुतेक माळ शेतीखाली किंवा पाइनच्या लागवडीखाली गेले. लिंबुर्गच्या कोळसाखाणींना टेकू म्हणून ते लाकूड लागायचं. उरलेत ते हे तुकडे. आजही मेंढपाळ कळप घेऊन स्ट्राब्रेख्त्से हाइडेवर फिरतो, स्टाट्सबॉसबेहेर या सरकारी वनखात्याची माणसं उगवलेली बर्च आणि पाइनची रोपं काढत असतात. हात काढून घेतला तर काही वर्षांत तिथे झाडी होईल. म्हणून कळप दिसला तर बाजूला थांबा, कुत्र्याला आवरा, आणि सेल्फीसाठी मेंढ्यांच्या मधोमध घुसू नका. धनगराच्या कळपात आपण असे घुसलो असतो का?

कधी जावं हे विचारणाऱ्यांसाठी. सगळे ऑगस्टमध्येच जातात, कारण हेदर जांभळा होतो आणि फोटो छान येतात. जा, पण त्या दोन-तीन रविवारी हेझेच्या बाजूला गाडी लावायला जागा मिळणार नाही. रेल्वेने जा, आइंडहोवनहून वेर्टकडे जाणाऱ्या गाडीत गेल्ड्रॉपनंतरचं स्टेशन हेझे. सायकल असेल तर सायकलवाटांवरच्या हिरव्या आकड्यांच्या पाट्या धरून घरापासूनच निघा. मला विचाराल तर मार्च जास्त आवडतो. तेव्हा अशा तळ्यांत हाइकिकर नावाच्या बेडकाचे नर विणीच्या काही दिवसांपुरते चक्क निळे होतात. आपल्याकडे पहिल्या पावसात बेडूक पिवळेधमक होतात तसाच प्रकार, रंग तेवढा वेगळा. मे-जूनमध्ये पाणथळ भागात कापसासारखी पांढरी बोंडं डुलतात, चतुर उडायला लागतात. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वारा पूर्वेकडून असेल तर, उत्तरेकडून फ्रान्स-स्पेनकडे निघालेले क्रौंच रात्रीच्या मुक्कामाला इथे उतरतात, कधी कधी हजारोंनी. उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कारण कोल्हा आला तर पाण्याचा आवाज होतो. त्यांना उडवलं तर दमलेल्या पक्ष्यांना अंधारात पुन्हा जागा शोधावी लागते. दुरून, दुर्बिणीतून, गप्प बसून पाहायचं. ब्लूटूथ स्पीकर घरी. खरं तर तो बाराही महिने घरीच.

सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ आत राहता येतं. जूनमध्ये सूर्यास्त रात्री दहाला होतो, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

आई-बाबांना नेणार असाल तर वाळूच्या वाटांवर गुडघे बोलतात, त्यांना पक्क्या सायकलवाटेने न्या. बाबागाडीलाही तीच बरी. लांब पँट, मोजे वर ओढलेले, आणि घरी आल्यावर प्रत्येकाचं अंग तपासायचं, मुलांच्या कानामागे आणि काखेत विशेष. गोचीड चावली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढा, तेल-रॉकेल लावत बसू नका, तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर लगेच डॉक्टरकडे. हे लाइमचं, म्हणजे गोचिडीमुळे होणाऱ्या आजाराचं, प्रकरण आपल्याकडून आलेल्यांना ठाऊक नसतं आणि "मुंगी चावली असेल" म्हणून सोडून देतात. जून-जुलैत ओकच्या खोडावर केसाळ सुरवंटांच्या रांगा दिसल्या तर त्या झाडाखाली डबा उघडू नका. त्यांचे केस वाऱ्यावर उडतात आणि अंगभर खाज सुटते.

आग हा वेगळा विषय, थोडक्यात सांगतो. जुलै 2010मध्ये याच हाइडेवर मोठा वणवा लागला आणि विझवायला अनेक दिवस लागले. एप्रिल 2020मध्ये शेजारच्या डर्नसे पेलमध्ये त्याहून मोठा. कोरड्या दिवसांत आरतीचं निरांजन, सिगारेट, पोर्टेबल बार्बेक्यू, काहीही नको.

कुत्रा पाळणाऱ्यांना एक विनंती: त्याला तळ्यात सोडू नका. पिसवांसाठी मानेवर घातलेलं औषध पाण्यात उतरतं आणि पाण्यातले कीटक मारतं. शिवाय वॉटरक्रासुला नावाची एक परदेशी वनस्पती आहे, तिचा नखाएवढा तुकडा पंजाला किंवा बुटाला चिकटून दुसऱ्या तळ्यात गेला तरी ती तिथे काठ व्यापून टाकते. एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट झटका. जलपर्णीने उजनीचं आणि मुळा-मुठेचं काय केलं हे पाहिलेल्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

आता आयोजकांना, नाव न घेता, कारण कोण ते आपल्याला ठाऊक आहे. विसर्जनाचा निर्णय आदल्या दिवशी फोनाफोनी करून घेऊ नका. उत्सवाच्या पहिल्या पत्रकातच लिहा की हाइडवरच्या कुठल्याही तळ्यात विसर्जन होणार नाही. हॉलच्या आवारात मोठा टब ठेवा. पुण्यात महापालिका चौकाचौकांत हौद ठेवते आणि तिथे लोक रांग लावून विसर्जन करतात, मग इथेच कमीपणा कसला? शाडू विरघळली की ती माती ज्याच्या-त्याच्या कुंडीत जाईल. निर्माल्य घरच्या ओल्या कचऱ्याच्या हिरव्या पेटीत, दोरे आणि प्लास्टिक काढून. वाहतं पाणीच हवं असा कुणाचा हट्ट असेल तर नगरपालिकेला आणि पाण्याचं खातं सांभाळणाऱ्या वॉटरस्खापला आधी लेखी विचारा, जागा ते सांगतील त्या. नाही म्हणाले तर नाही. "कुणी हटकणार नाही" हे कारण पुरेसं नाही; हटकणारा कुणी नसतो तिथे आपली शिस्त आपणच सांभाळायची असते, हे आपल्याच आई-वडिलांनी शिकवलंय.

आणि एक गोष्ट मंडळाच्या कार्यक्रमात घाला: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळची क्रौंच पाहायची फेरी. पंधरा-वीस जणांच्या वर नको, मोठी गर्दी असेल तर दोन दिवस करू. वारा कुठून आहे ते पाहून तारीख आदल्या दिवशी कळवायची, त्यामुळे "आधी नक्की सांगा" असा आग्रह धरू नये, पक्षी आपल्या कॅलेंडरवर चालत नाहीत. सूर्यास्ताला माळाबाहेर यायचं. गरम कपडे, टॉर्च पुढे स्टेशनपर्यंतच्या वाटेपुरता, चहाचा थर्मास चालेल. बटाटेवडे स्टेशनवर परत आल्यावर. करून आणायची जबाबदारी मी घेतो, चटणी कुणीतरी घ्या.

आपला,
गेल्ड्रॉपमध्ये राहणारा एक मराठी शेजारी